पितरांचे दप्तर

1947 साली जपानने आपल्या दिवाणी कायद्यातील कुटुंब व वारसा यांविषयीचा भाग नव्याने लिहिला, तेव्हा ज्या संस्थेवर मागील अर्धशतकाचा सारा कौटुंबिक व्यवहार उभा होता ती ‘इए’, म्हणजे कुलप्रमुखाच्या सत्तेखाली पिढ्यान्‌पिढ्या चालणारे घराणे, त्या कायद्याने मोडीत काढली. वडील पुत्राचा एकट्याचा वारसाहक्क गेला, मुलगे व मुली मिळकतीत सारख्या वाट्याचे धनी झाले, आणि 1898 च्या संहितेने कुलप्रमुखाच्या हाती सोपविलेले अधिकार संपुष्टात आले. परंतु एवढ्या उलथापालथीतूनही एक गोष्ट जुन्या वहिवाटीप्रमाणे निराळी राहिली. नव्या कायद्याचे 897 वे कलम असे सांगते की, वंशावळीचे कागद, पूजेची उपकरणे आणि ‘हाका’, म्हणजे जिच्याखाली कुळातील मृतांच्या अस्थी ठेवतात ती समाधी, यांची वाटणी इतर मिळकतीबरोबर होणार नाही. रूढीनुसार पितरांचे विधी जो चालवील त्याच्याकडे ती जातील. या कलमात एक गहन धर्मविचार दडलेला आहे, आणि तो वकिलांइतकाच तत्त्वचिंतकांनीही पाहण्याजोगा आहे. जमीनजुमला जन्माच्या नात्याने मिळतो. पितर मात्र सेवेच्या नात्याने मिळतात, असे एका आधुनिक राष्ट्राचा कायदा म्हणतो. तेव्हा माझा पूर्वज कोण, हे रक्ताने ठरते की मी त्याच्यासाठी जे करतो त्याने ठरते, हा प्रश्न जपानी माणसापुढे केवळ चिंतनाचा म्हणून येत नाही. आईच्या किंवा वडिलांच्या गावी कुळाचे मूळ शोधण्यास जो निघतो त्याला तो पावलोपावली भेटतो.

अशा शोधकाची पहिली गाठ सरकारी दप्तराशी पडते. ‘कोसेकी’ नावाची कुटुंबाची नोंदवही तेथे गेल्या दीडशे वर्षांपासून चालत आली असून जन्म, विवाह, दत्तक, घटस्फोट आणि मृत्यू या सर्वांची नोंद तीत कुटुंबाच्या अनुक्रमाने होते. कायदा 1871 चा, पहिल्या वह्या 1872 च्या. ज्या ठिकाणी ही वही ठेवली जाते त्या ठिकाणाला ‘होन्सेकी’ म्हणतात, आणि माणूस जन्मभर तोक्योत राहिला तरी त्याचे होन्सेकी शिकोकूतील एखाद्या डोंगरी खेड्यात असू शकते. म्हणूनच आईवडिलांचे गाव हा शोधाचा दरवाजा ठरतो. वडिलांच्या वहीवरून आजोबांची, आजोबांच्या वहीवरून पणजोबांची, अशी एकेक रद्द झालेली वही मागत मागे गेले म्हणजे शोधक 1886 सालच्या नमुन्याच्या वहीपर्यंत येऊन पोहोचतो, आणि त्या वहीत त्या वेळी हयात असलेले घरातील वृद्ध नोंदलेले असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बुन्का, बुन्सेइ किंवा तेम्पो या कालखंडांत जन्मलेल्या माणसांची नावे, ब्रशाने लिहिलेल्या, आजच्या जपानी माणसालाही सहज न उलगडणाऱ्या अक्षरांत, त्याच्या दृष्टीस पडतात. त्यापलीकडे कचेरी त्याला नेऊ शकत नाही. कुलनामाचा आधारही फार मागे पोहोचत नाही. कारण सामान्य रयतेला कुलनाम अधिकृतपणे धारण करण्याची मुभा 1870 साली मिळाली आणि 1875 साली ते सर्वांवर बंधनकारक झाले. 1 मार्च 2024 पासून आपल्या सरळ रेषेतील पूर्वजांच्या वह्यांच्या नकला देशातील कोणत्याही नगरपालिकेच्या कचेरीत मागता येतात, त्यामुळे निव्वळ नावांसाठी गावी जाण्याची गरज आता उरलेली नाही. तरीही माणसे जातात.

आईकडून शोध घेणाऱ्याला या वह्यांची आणखी एक बाजू दिसते. मुलगी विवाह करून गेली की पित्याच्या वहीतील तिच्या नावावर काट मारली जात असे आणि ती दुसऱ्या घरच्या वहीत नव्याने उगवत असे; म्हणून आजीचे माहेर शोधायचे तर तिच्या पित्याची वही वेगळी मागवावी लागते, पणजीसाठी आणखी वेगळी. कुलनाम एकाच वाटेने पुढे जाते, पण माणूस दोन वाटांनी येतो, चार वाटांनी येतो, आठ वाटांनी येतो. दहा पिढ्या मागे गेले असता प्रत्येकाच्या पूर्वजांच्या एक हजार चोवीस जागा होतात, आणि त्यांतील केवळ एका जागेवरच्या माणसाचे नाव आपण अभिमानाने मिरवीत असतो. वह्यांची चळत समोर ठेवून बसलेल्या शोधकाला हे गणित डोळ्यांनी दिसते, आणि ज्याला ते खरोखर दिसले त्याच्या मनातील कुलाभिमानाचा पाया तेथेच हलू लागतो.

1872 च्या त्या पहिल्या वह्या मात्र कोणालाही पाहता येत नाहीत. 1968 पासून त्या मोहोरबंद आहेत. 1871 च्या फर्मानाने अस्पृश्य मानलेल्या समाजाचा हीन दर्जा कायद्याने रद्द झाला होता, तरी पुढच्याच वर्षी लिहिलेल्या या वह्यांत त्या उगमाच्या खुणा ठिकठिकाणी उमटल्या. आणि शंभर वर्षांनंतरही विवाह जुळविताना व नोकरीवर घेताना माणसे त्या खुणा धुंडाळीत राहिली. 1975 साली तर अशा वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून कंपन्यांना गुपचूप विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. महाराष्ट्रातील वाचकाला या वाक्यांचा अर्थ समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. मूळ शोधणे ही क्रिया स्वतः पवित्रही नाही आणि अपवित्रही नाही. आपले मूळ शोधणारा श्रद्धाळू आणि दुसऱ्याचे मूळ उकरणारा द्वेष्टा हे दोघे एकाच कचेरीच्या खिडकीशी उभे असतात, एकाच नमुन्याचा अर्ज भरतात. म्हणून जपानी सरकारने पूर्वजांची वही मागण्याचा हक्क प्रामुख्याने सरळ रेषेतील नातलगांपुरता मर्यादित केला, हे मला योग्य वाटते. इतिहाससंशोधकांची त्यामुळे अडचण होते, हे खरे. परंतु जिवंत माणसाच्या प्रतिष्ठेपुढे मृतांविषयीच्या ज्ञानाने थांबले पाहिजे.

कचेरीची वाट जेथे संपते तेथून मठाची वाट सुरू होते. सतराव्या शतकात, विशेषतः 1637–38 च्या शिमाबारा येथील उठावानंतर, तोकुगावा सरकारने ख्रिस्ती धर्माचा मागमूसही राहू नये या हेतूने असा दंडक घातला की प्रत्येक घराने एखाद्या बौद्ध मठाशी स्वतःला बांधून घ्यावे आणि आपण ख्रिस्ती नाही असा दाखला त्या मठाकडून मिळवावा. म्हणजे ज्या व्यवस्थेने पुढे घराघराच्या पितरांची स्मृती सांभाळली, तिचा जन्म पाळत ठेवण्यासाठी झाला होता. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या क्षेत्रोपाध्यायांकडील नामावळीच्या वहीत आपल्या आजोबांचे हस्ताक्षर पाहून ज्याचा कंठ दाटून आला असेल त्याला जपानी शोधकाचे मन कळेल. पण भेद असा की, आपला आजा तेथे स्वतःच्या श्रद्धेने गेला होता आणि जपानी आज्याला सरकारी हुकमाने मठाच्या दारी उभे केले होते. तरीही काळाने त्या हुकमातील सक्ती झिजवून टाकली आणि खाली भक्ती शिल्लक राहिली. ही गोष्ट आश्चर्याची आहे, आणि धर्माच्या इतिहासात ती विरळाही नाही.

मठात ‘काकोचो’ नावाची मृतांची वही असते. तीत माणसाचे संसारातील नाव असेलच असे नाही; मृत्यूनंतर त्याला दिलेले धर्मनाम असते, आणि मृत्यूची तिथी असते. 1873 पूर्वीच्या तिथ्या जुन्या चांद्र-सौर पंचांगाच्या. कचेरीच्या वहीतील मृत्युदिन आणि मठाच्या वहीतील तिथी जुळवून, हे धर्मनाम म्हणजे माझी पणजी, असा निर्णय करावा लागतो. अनेक पंथांनी ही वही परक्याला दाखविण्यास मनाई केली आहे, कारण काही मृतांना त्यांच्या जातीवरून दिलेली अपमानास्पद धर्मनामे तीत आहेत. तेव्हा भिक्षू स्वतः पाहतो आणि सांगण्याजोगे तेवढे सांगतो. मठामागच्या जुन्या समाध्यांमध्ये पाच आकारांची एक शिळा पुष्कळदा दिसते: तळाशी चौकोन, त्यावर गोल, त्यावर त्रिकोणी छप्पर, त्यावर अर्धचंद्र आणि माथ्यावर मण्याचा आकार, आणि त्या पाचांवर सिद्धम् लिपीत अ, व, र, ह, ख ही पाच बीजाक्षरे कोरलेली असतात. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. देह ज्या पंचमहाभूतांपासून झाला त्यांच्याकडे तो परतला, ही भारतातून चीनमार्गे गेलेली कल्पना कोण कुठल्या कुणब्याच्या अस्थींवर दगडातून उभी आहे, आणि ती अक्षरे वाचू शकणारा त्या गावात बहुधा तो भिक्षूच असतो.

आता खरा प्रश्न. ज्या धर्माने आत्म्याचे नित्यत्व नाकारले, त्या धर्माच्या मठात पितरांची वही कोणाची म्हणून ठेवायची? जो गेला तो स्थिर ‘मी’ नव्हताच, असे ज्यांचे शास्त्र, त्यांनी त्याची पुण्यतिथी सातव्या, तेराव्या, तेहतिसाव्या वर्षी का करावी? मिलिंद राजाशी झालेल्या संवादात भिक्षू नागसेनाने रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दाखला दिला होता: पहिल्या प्रहराची ज्योत आणि अखेरच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे, आणि निराळ्याही नव्हेत. या उत्तराने बुद्धीचे समाधान होते. पण जी मुलगी आईच्या गावी जाऊन आजीच्या समाधीवर पाणी ओतते तिला ज्योतीची परंपरा नको असते, तिला आजी हवी असते. जपानी बौद्ध परंपरेत हा पेच ज्याने सर्वांत धीटपणे हाताळला तो शिनरान (1173–1263). आपण आईवडिलांच्या सद्गतीसाठी म्हणून एकदाही अमिताभ बुद्धाचे नाव घेतलेले नाही, असे त्याने शिष्यांना सांगितल्याची नोंद ‘तान्निशो’ या ग्रंथात आहे. आणि त्याने दिलेले कारण असे की, जन्मजन्मांतरीच्या फेऱ्यात सर्वच प्राणिमात्र कधी ना कधी आपले मायबाप व भावंडे झालेले आहेत, तेव्हा कोणाला वेगळे काढून कोणासाठी पुण्य करायचे? एक हजार चोवीस जागांचे गणित अखेर जेथे जाऊन पोहोचते, तेथे शिनरान सातशे वर्षांपूर्वी पुनर्जन्माच्या सिद्धांतावरून पोहोचला होता.

आणि तरीही त्याचा अनुयायी पितरांना विसरला नाही. शिनरानाच्या पंथाच्या शिकवणुकीप्रमाणे मृत मनुष्य तत्काळ अमिताभाच्या सुखावती लोकात जातो, ‘बोन’ या पितरांच्या सणाच्या दिवसांत तो घरी परतत नाही, पण त्या पंथाचा प्रभाव जेथे अतिशय आहे त्या हिरोशिमा प्रांताच्या पश्चिम भागात ऑगस्टमधील बोनच्या सुमारास समाध्यांवर बांबूच्या काठ्यांना लावलेले रंगीबेरंगी कागदी कंदील दाटीने उभे राहतात, आणि ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला त्या घरचा कंदील पांढरा असतो. मला यात विसंगती दिसत नाही. सर्वच माझे मायबाप आहेत हे सत्य ज्याला पेलायचे आहे त्याने आरंभ आपल्या एका आईपासूनच करावा लागतो. ज्याने एकाही मृतासाठी कंदील लावला नाही त्याच्या तोंडी विश्वबंधुत्वाची भाषा पोकळ ठरते.

या विषयावर विसाव्या शतकात सर्वांत मर्मग्राही लेखन केले ते लोकविद्येचे जपानमधील आद्य अभ्यासक यानागिता कुनिओ (1875–1962) यांनी. 1945 च्या वसंतात तोक्योवर बॉम्बचा वर्षाव चालू असताना त्यांनी पूर्वजांविषयीचा आपला ग्रंथ लिहिला आणि तो पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे की बौद्ध मताच्या आवरणाखाली जपानी लोकांची याहून जुनी एक श्रद्धा आहे: मृत दूर कोठे जात नाहीत, गावामागच्या डोंगरावर राहून ते शेताकडे व लेकरांकडे पाहत असतात, ठरल्या दिवसांत घरी येतात, आणि तेहतीस किंवा पन्नास वर्षे लोटली की आपले वेगळे नावगाव टाकून पितरांच्या एका मोठ्या समुदायात विलीन होतात. शोधकाने हे नीट समजून घेतले पाहिजे. जी नावे काळाने त्या समुदायात मिसळून टाकली, ती पुन्हा एकेकटी बाहेर काढण्याचा अट्टहास जुन्या जपानी श्रद्धेला मानवणारा नाही. ती श्रद्धा माणसाला विस्मृतीत ढकलीत नाही; पण नावाचे ओझे त्याने कायमचे वाहावे असेही म्हणत नाही.

त्याच ग्रंथात एका वृद्धाची हकीकत आहे. बसची वाट पाहताना यानागितांची त्याची गाठ पडली. एचिगो प्रांतातून तरुणपणी बाहेर पडून लाकडाच्या धंद्यात त्याने आयुष्य काढले होते, मुलांसाठी घरे उभी केली होती, आणि आता आपण पूर्वज होणार, असे तो सहजपणे सांगत होता. ‘पूर्वज’ हे त्याच्या दृष्टीने पुढे साधावयाचे पद होते. ते कष्टाने मिळवावयाचे, आणि मागून येणाऱ्यांनी ते मान्य करावयाचे. खुद्द यानागितांचे जीवनही याच विचाराची साक्ष देते. ते जन्माने मात्सुओका, आजच्या ह्योगो प्रांतातील. 1901 साली ते यानागिता घराण्यात दत्तक गेले आणि पुढे त्याच घरच्या कन्येशी विवाहबद्ध झाले. जपानमध्ये जावयाला दत्तक घेऊन घराणे चालविण्याची ही पद्धत शतकानुशतकांची आहे. आपल्याकडे घरजावई असतो, पण तो सासऱ्याचे कुलनाम व गोत्र घेत नाही. तेथे तो ते घेतो, आणि त्या घराच्या पितरांचा पुत्र होतो. म्हणजे पूर्वजांविषयी ज्याने सर्वाधिक आस्थेने लिहिले त्याचे कुलनाम रक्ताने आलेले नव्हते. आईच्या गावी जुन्या वह्या उलगडताना चौथ्या पिढीत अकस्मात ‘दत्तक’ असा शेरा दिसून ज्याचा चेहरा उतरतो, त्याला हे सांगितले पाहिजे.

यानागितांना त्या वसंतात विशेष दुःख होते ते अपत्यावाचून युद्धात मेलेल्या तरुणांचे. त्यांना पिंड देणारे कोण? त्यांनी सुचविले की अशांच्या नावाने दत्तक घेऊन नवी घरे उभारावीत आणि त्या कोवळ्या मृतांना त्या घरांचे मूळ पुरुष मानावे. ज्याने संतती निर्माण केली नाही तोही पितर होऊ शकतो, कारण पितरपण देणारा हात जिवंत माणसाचा असतो. आपल्या परंपरेत माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो आणि त्यांतील पितृऋण प्रजोत्पादनाने फिटते असे सांगितले आहे. यानागितांची सूचना मला त्याहून करुणामय वाटते, कारण तीत निपुत्रिकाला बाहेर उभे केलेले नाही.

ऋणाची ही भाषा जपानी स्थलांतरितांच्या इतिहासात अक्षरशः खरी ठरलेली आहे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये हवाईचे प्रतिनिधित्व 1963 पासून 2012 पर्यंत करणारे डॅनिएल इनोउये यांच्या घराण्याचे गाव फुकुओका प्रांतातील योकोयामा. तेथे त्यांच्या पणजोबांच्या घराला आग लागली, ती शेजारच्या घरांपर्यंत पसरली, आणि नुकसानभरपाईचा बोजा त्या गरीब कुटुंबावर पडला. तो फेडण्यासाठी ज्येष्ठ पुत्र आसाकिची 1899 साली पत्नी व लहान मुलासह हवाईच्या उसाच्या मळ्यावर मजुरीला गेला, आणि मजुरीतून वाचविलेला पैसा वर्षानुवर्षे गावी पाठवीत राहिला. तो लहान मुलगा म्हणजे पुढे सिनेटर झालेल्या इनोउये यांचा पिता. या कुळाच्या मुळाशी सामुराई नाही, किल्ला नाही, दानपत्र नाही. शेजाऱ्याच्या जळालेल्या घराची भरपाई आहे. वडिलांच्या गावी जाऊन कोणत्या पूर्वजाचा अभिमान धरावा, असे मला कोणी विचारले, तर मी या आसाकिचीकडे बोट दाखवीन.

आज ही गावेच ओस पडत चालली आहेत. तरुण शहरात गेले, वृद्ध थकले, समाधीवरचे गवत काढणारा कोणी उरला नाही. म्हणून अस्थी उचलून शहराजवळ नेण्याची आणि जुनी समाधी विधिपूर्वक बंद करण्याची पद्धत वाढली आहे. 2022 या आर्थिक वर्षात अस्थी हलविल्याच्या अधिकृत नोंदी दीड लाखांहून अधिक झाल्या. ज्या समाधीला वाली नाही ती ‘मुएन’, म्हणजे संबंधरहित ठरते; सरकारी राजपत्रात जाहिरात देऊन आणि समाधीपाशी फलक लावून वर्षभर वाट पाहिल्यानंतर, कोणी पुढे आले नाही तर तिची जागा मोकळी करण्याची मुभा कायदा देतो. काही जण याला धर्माचा ऱ्हास म्हणतात. मी म्हणणार नाही. जी कन्या आपल्यानंतर कोणी नाही हे जाणून आईकडच्या पितरांच्या अस्थी मठाच्या सामुदायिक समाधीत सोपविते, त्यांच्यासाठी शेवटचे सूत्रपठण करविते आणि मग दगड उचलू देते, ती 897 व्या कलमातील अर्थाने त्या पितरांची खरी वारस असते. यानागितांनी वर्णिलेले विलीन होणेच ती आपल्या हातांनी घडवून आणते.

मूळ शोधू पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की कचेरीच्या आधी घरी विचारा. 1872 च्या मोहोरबंद वह्यांत कुटुंबाच्या मठाचे नाव होते. 1886 पासूनच्या वह्यांत ते नाही, पंथाचाही उल्लेख नाही, आणि समाधी कोणत्या टेकडीवर आहे हे तर कोणत्याच सरकारी कागदावर सापडत नाही. रद्द झालेल्या वह्या जपून ठेवण्याची मुदत 2010 साली ऐंशी वर्षांवरून दीडशे वर्षांवर नेली गेली, पण तत्पूर्वी मुदत संपलेल्या कित्येक वह्या नष्ट झाल्या, आणि ओकिनावाच्या बहुतेक वह्या 1945 च्या लढाईत जळाल्या. मठ कोणता, समाधी कोठे, बोनला कोण कोणाकडे जात असे, आजीला गावात कोणत्या नावाने हाक मारीत, हे सारे आईला ठाऊक आहे. ती हयात आहे तोवर तिच्यापाशी बसून ते लिहून घ्या.